अंघोळ आवडते पण बाहेर काढलं की रडारड, लोशन-मालिश काहीच करू देत नाही

निफाडची_आई

नमस्कार, इथे बऱ्याच अनुभवी आया आहेत म्हणून विचारते. माझा मुलगा साडेचार महिन्यांचा आहे. अंघोळीचा काहीच त्रास नाही, उलट पाणी अंगावर पडलं की हातपाय मारतो, खुदकन हसतो, पण टबातून काढून टॉवेलमध्ये घेतलं की तोंड वाकडं व्हायला लागतं आणि पलंगावर ठेवून लोशनचा हात लागला रे लागला की असा टाहो फोडतो की शेजारच्या काकू दारात येऊन विचारतात काय झालं बाळाला. पाठ कमानीसारखी वाकवतो, मुठी घट्ट आवळतो, चेहरा लालबुंद. कपडे घालून खांद्यावर घेतलं की पाच मिनिटांत गप्प.

पहिले तीन महिने मी माहेरी होते, तिथे मालिशवाल्या मावशी यायच्या, पायांवर घेऊन तेल लावायच्या आणि मग अंघोळ. तेव्हाही रडायचा पण सगळे म्हणायचे रडू दे, छाती मोकळी होते. आता सासरी आलेय, इथे मावशी मिळाल्या नाहीत त्यामुळे सगळं मीच करते. मागच्या लसीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले की त्वचा कोरडी पडलीय, अंघोळीनंतर लगेच मॉइश्चरायझर लावत जा, म्हणून तेल बंद करून लोशन आणलं. आमच्याकडे सध्या थंडी तर विचारू नका, सकाळी पारा आठ-नऊवर असतो, पाय आणि गाल खडबडीत झालेत त्याचे.

सासूबाईंचं म्हणणं रोज दणकून मालिश झालीच पाहिजे नाहीतर हाडं कच्ची राहतात. नवरा म्हणतो रडतो तर नको लावू. आणि मी रात्री मोबाइलवर शोधत बसले तर कुठेतरी वाचलं की स्पर्श आवडत नसेल तर ऑटिझम असू शकतो, तेव्हापासून झोप उडालीय. प्लीज सांगा काय करू. रोज दुपारी बारा वाजता अंघोळीची वेळ झाली की माझ्याच पोटात गोळा येतो.

ठाणे_दोनमुली

अगं आधी एक मोठा श्वास घे. तुझ्याच पोस्टमध्ये उत्तर आहे बघ, कपडे घालून खांद्यावर घेतलं की गप्प होतो. म्हणजे स्पर्श नकोय असं नाहीये, उघडं आणि ओलं असताना पलंगावर एकटं पडणं नकोय. कोमट पाण्यातून बाहेर आल्यावर अंगावरचं पाणी सुकताना किती गारठतं ते आपल्यालाही कळतं ना, त्यांचं तर अंग एवढंसं, उष्णता पटकन जाते, आणि वरून आपण बाटलीतलं गार लोशन थेट छातीवर लावायचं.

माझ्या धाकटीचं अगदी हेच होतं. मी काय बदललं ते सांगते. पहिलं म्हणजे अंघोळ आणि कपडे एकाच खोलीत, बाथरूममधून हॉलमधून बेडरूममध्ये अशी मिरवणूक नाही. खिडकी बंद, पंखा बंद, हीटर असेल तर दहा मिनिटं आधी लावून खोली ऊबदार करून ठेवायची, हीटर बाळाच्या जवळ मात्र नको. दुसरं, लोशनची बाटली अंघोळ चालू असताना कोमट पाण्याच्या मगात ठेवून द्यायची, आधी स्वतःच्या मनगटावर बघायचं आणि मग दोन्ही तळहातांवर चोळून, हात गरम झाले की लावायचं. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, सगळं अंग एकदम उघडं टाकायचंच नाही. टॉवेलमध्ये गुंडाळलेलं राहू दे, एक पाय बाहेर काढ, टिपून कोरडा कर, लोशन लाव, आत टाक. मग दुसरा पाय. मग वरचं झबलं घालून टाक आणि पोटाला खालून हात घालून लाव. बघणाऱ्याला विचित्र वाटतं पण काम होतं. डॉक्टर लगेच म्हणतात ते खरंय, अंग किंचित ओलसर असतानाच लावलं तर ओलावा आत राहतो, पण लगेच म्हणजे तीन-चार मिनिटांत, धावपळ करत नाही.

आणि दुपारी बारा ही वेळ का गं? त्याची झोपेची वेळ तर नाही ना ती?

देवरुखची_आजी

मुली, मी काही डॉक्टर नाही पण घरातली सहा नातवंडं या पायांवर न्हायली आहेत. मला विचारशील तर लेकराला पलंगावर उताणं ठेवून काही करूच नको. पाटावर किंवा भिंतीला टेकून बस, पाय लांब कर, आणि दोन पायांच्या मधल्या खोलीत त्याला ठेव, तोंड तुझ्याकडे. दोन्ही बाजूंनी तुझ्या पायांची ऊब लागते, लेकरू घट्ट धरल्यासारखं राहतं, दचकत नाही. पलंगावर कसं, सगळीकडे मोकळं, हात हवेत उडतात आणि ते आणखी घाबरतं.

आणि तेल अंघोळीच्या आधी लावायचं ही आपली जुनी रीत आहे ती उगाच नाही. आधी अंग कोरडं, गरम, पोरगं खुशीत. कोमट तेलाची वाटी जवळ, पायापासून सुरुवात, गप्पा मारत मारत. मग पाणी. पाण्यानंतर फक्त गुंडाळायचं आणि पाजायचं, तेव्हा काही चोळाचोळी नाही. अंग पुसायला तो जाड टर्किश टॉवेल नको, जुना मऊ पंचा घे, धुऊन धुऊन मऊ झालेला, तो पाणी पटकन पितो. दुपटं उन्हात ठेवून गरम झालेलं असलं तर काय विचारता.

आमच्याकडे नारळ म्हणून खोबरेल, देशावर तिळाचं लावतात. जे लावाल ते घरच्या माणसाच्या हाताला आधी लावून बघा.

एक सांगते, हात लावायच्या आधी त्याला सांग. दोन्ही हात तेलाचे चोळून त्याच्या कानाशी आवाज कर, म्हण चला तेल लावायचं. तुझा आवाज हसरा असला तर त्याला कळतं. तूच धास्तावून बसलीस तर तेही कळतं गं त्याला.

निफाडची_आई

ठाणे ताई, हो बारा वाजता तो पेंगुळलेला असतो, सकाळची कामं आटोपून मी मोकळी होते तेव्हाच त्याला झोप येत असते, हे लक्षातच आलं नव्हतं. आजी तुमचं वाचून खूप बरं वाटलं. पण डॉक्टरांनी अंघोळीनंतर लावायला सांगितलंय ना, मग आधी तेल लावलं तर ते साबणाने निघून नाही का जाणार? आणि ऑटिझमचं कोणी काहीच बोललं नाही त्यामुळे अजून भीती वाटतेय.

रात्रपाळीची_नर्स

मी पुण्यात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात (एनआयसीयू) काम करते, बारा वर्षं झाली. ड्यूटी संपवून लिहितेय, जरा लांबेल.

ऑटिझमचं आधी. साडेचार महिन्यांच्या बाळाला अंघोळीनंतर लोशन आवडत नाही या एका गोष्टीवरून काहीही ठरत नाही. तू सांगतेस तो हसतो, पाण्यात खेळतो, उचललं की शांत होतो. तो तुझ्या डोळ्यांत बघतो का, तू बोललीस की आवाज काढून उत्तर देतो का, ओळखीचा चेहरा दिसला की खुलतो का, हे बघ. हे सगळं होत असेल तर त्या रात्रीच्या शोधाशोधीला आता रजा दे. तरी मनात राहिलंच तर पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचार, त्यात लाजायचं काही नाही.

आता रडण्याचं. पाठ कमान करणं, मुठी आवळणं, तोंड फिरवणं, ही त्याची बोलण्याची पद्धत आहे. हे रडण्याच्या आधीच सुरू होतं, तेव्हाच थांबायचं. सगळ्यात आधी नजर चोरतो, मग जांभई किंवा उचकी किंवा शिंक, मग हातपाय ताठ, आणि मग रडणं. नजर चोरली की हात उचलायचा नाही, फिरवायचा थांबवायचा, तसाच छातीवर शांत ठेवायचा आणि वाट बघायची. बऱ्याचदा अर्ध्या मिनिटात तो परत बघतो. नाही बघितलं तर आजची मालिश संपली, गुंडाळा आणि जवळ घ्या. छाती मोकळी होते म्हणून रडू द्यायचं हे मनातून काढून टाका. छाती जन्मल्यावर पहिल्या श्वासांतच मोकळी झाली, रोज रडवून आणखी काही मोकळं होत नाही.

आजींनी पायांत ठेवायचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर आणि त्यामागे कारण आहे. लहान बाळाला उताणं ठेवताना डोकं जरा खाली गेल्यासारखं वाटलं की दोन्ही हात बाजूला उडतात आणि ते दचकून रडतं, याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात, चार ते सहा महिन्यांच्या आसपास तो जातो. तुझं बाळ अजून त्यातच आहे. म्हणून ठेवताना आधी पाय, मग कुल्ले, मग पाठ आणि शेवटी डोकं टेकवायचं आणि हात छातीवर ठेवूनच दुसरा हात सोडायचा. आमच्या युनिटमध्ये अंघोळसुद्धा पातळ कापडात गुंडाळून घालतो, एकेक भाग उघडून, बाळं अजिबात ओरडत नाहीत.

दुसरं, हात हलका की जड. नव्या आया घाबरून अगदी बोटांच्या टोकांनी लोशन लावतात आणि तेच बाळाला गुदगुल्या केल्यासारखं सहन होत नाही. पूर्ण तळहात टेकवून, संथ, ठाम हात पाहिजे. १९८६ साली अमेरिकेत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांवर अभ्यास केला होता, दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं असा दहा दिवस स्पर्श दिला, तर त्या बाळांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा ४७ टक्के जास्त वाढलं. पुढे त्यांच्याच कामात दिसलं की नुसता हलका हात फिरवण्यापेक्षा मध्यम दाबाचा जास्त उपयोग होतो. मध्यम म्हणजे त्वचा जराशी हलली पाहिजे, लाल होता कामा नये. दणकून वगैरे तर मुळीच नाही.

आणि सासूबाईंना प्रेमाने सांग की मालिश छानच आहे, झोप चांगली लागते, आई-बाळाची जवळीक होते, पण हाडं तिने पक्की होत नाहीत. हाडांसाठी व्हिटॅमिन डी लागतं, आपल्याकडे बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब देतात ते त्यासाठीच. ते चालू आहेत ना बघ, नसतील तर विचार. मालिश चुकली तर काही बिघडत नाही, ते थेंब मात्र चुकवू नका.

मावश्यांच्या बाबतीत काही गोष्टी ज्या आम्हाला वॉर्डात बघाव्या लागतात म्हणून लिहिते, इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. नवजात बाळाची छाती पिळून दूध काढायचं नाही, ती सूज आईच्या हॉर्मोन्समुळे असते आणि आपोआप जाते, पिळलं की पू होऊ शकतो. नाकात कानात तेल सोडायचं नाही. टाळूवर तेल लावा पण दाबून भरू नका. पाय धरून उलटं लटकवणं, हातपाय उलटसुलट ओढून ताणणं बंद. बेसन किंवा मसुराच्या पिठाने अंगावरची लव घासून काढू नका, ती लव स्वतःच गळते, आणि कोरडी त्वचा पिठाने आणखी ओरखडते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून धुरी देऊ नका, त्या धुराने जीव गेलेत.

तुझ्या तेलाच्या प्रश्नाचं. आधी तेल लावून मग अंघोळ घातली तरी चालतं, साबण रोज सगळ्या अंगाला लावायची गरज नाही, मान, काखा, जांघा, डायपरची जागा एवढ्यालाच, तेही सौम्य आणि बिनवासाचं. बाकी अंगाला नुसतं कोमट पाणी, म्हणजे आधीचं तेल सगळं निघून जात नाही. पाणी साधारण ३७ अंश, कोपर बुडवून बघायचं, गरम लागलं नाही आणि गार लागलं नाही म्हणजे बरोबर. पाच ते दहा मिनिटांत अंघोळ आटपा, जास्त वेळ पाण्यात राहिलं की त्वचा उलट जास्त सुकते. आणि नंतर डॉक्टरांनी सांगितलेलं क्रीम फक्त गाल, नडग्या, जिथे खडबडीत आहे तिथे. सगळं अंग रोज लोशनने माखायलाच पाहिजे असं त्यांनी म्हटलं होतं का, एकदा फोन करून विचार.

मोहरीचं तेल टाळ, त्वचेला चुरचुरतं. ऑलिव्ह ऑइल महाग म्हणून चांगलं असं नाही, कोरड्या त्वचेचं वरचं आवरण त्याने सैल पडू शकतं. सूर्यफूल किंवा खोबरेल बरं.

वऱ्हाडी_माय

ताईंनी सगळं छान सांगितलं, मी फक्त एक वेगळी बाजू सांगते कारण आमच्याकडे खोली गरम करून, हात गरम करून, पायांत घेऊन सगळं करून झालं तरी रडणं थांबत नव्हतं. माझ्या मुलाला ते लोशन झोंबत होतं. गालांवर लाल चट्टे, हाताच्या बाहेरच्या बाजूला आणि नडगीवर खरखरीत पॅच, आणि डायपरखालची जागा मात्र एकदम स्वच्छ मऊ. रात्री उशीवर गाल घासायचा. त्वचारोगतज्ज्ञांनी बघून सांगितलं एक्झिमा, म्हणजे त्वचा कोरडी पडून खाज आणि लाली येण्याचा त्रास. कोरडी त्वचा बारीक बारीक तडकलेली असते आणि त्यावर वास असलेलं लोशन लागलं की आग होते, बाळ बिचारं काय बोलणार.

लोशनमध्ये पाणी जास्त असतं, क्रीममध्ये कमी, आणि मलमासारखं घट्ट असतं त्यात जवळपास नसतंच, म्हणून जितकं घट्ट तितकं कमी झोंबतं आणि जास्त वेळ टिकतं. आम्हाला बिनवासाचं घट्ट क्रीम आणि ओठाबिठांजवळ साधी पेट्रोलियम जेली सांगितली. लावायची पद्धत पण वेगळी, चोळायचं नाही, ठिपके ठिपके ठेवून केसांच्या दिशेने वरून खाली हात फिरवायचा. तीन-चार दिवसांत रडणं अर्ध्यावर आलं.

नवीन काही आणलंस तर आधी हाताच्या आतल्या बाजूला छोट्याशा जागी लावून एक-दोन दिवस बघ. आणि मेडिकलवाल्याला विचारून कुठलीही ट्यूब आणू नको गं, आमच्या नात्यात एकीने आणली, लगेच गोरंपान झालं बाळ म्हणून खूश झाली, आत स्टेरॉइड होतं, बंद केल्यावर दुप्पट लाल. स्टेरॉइड वाईटच असं नाही, पण कुठलं, किती आणि किती दिवस ते डॉक्टरच सांगणार.

तुझ्या बाळाचे गाल नुसते खडबडीत आहेत की लाल पण आहेत?

एडमंटनचा_बाबा

आमच्याकडे बाळाची अंघोळ हे खातं माझ्याकडे आहे म्हणून लिहितो. मुलगी सात महिन्यांची, इथे कॅनडात बाहेर उणे पंचवीस आणि घरात दिवसभर हीटिंग, हवा इतकी कोरडी की पापड वाळावेत, तिचीही त्वचा अशीच व्हायची. इथल्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली की रोज अंघोळ नको, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, बाकीचे दिवस तोंड, मान, डायपरची जागा ओल्या कपड्याने पुसा. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर पटेना, बिनअंघोळीचं पोर म्हणून हळहळली ती. भारतात उन्हाळ्यात शक्य नाही मान्य, पण निफाडच्या थंडीत एक दिवसाआड करून बघायला काय हरकत आहे, क्रीम रोज लावायचंच.

आमची मुलगी साडेचार-पाच महिन्यांपासून उताणी राहायलाच तयार नव्हती, पालथं पडायला शिकली होती ना, उताणं ठेवलं की कुस्ती. म्हणून मी तिला माझ्या मांडीवर पालथीच घेतो, समोर आरसा ठेवतो, ती आरशात बघत बसते आणि मी पाठ, पाय, पोटऱ्या उरकून टाकतो. पुढची बाजू ती माझ्या छातीला टेकून समोर तोंड करून बसलेली असताना. हातात काहीतरी द्यायचं, लाकडी चमचा, ओला रुमाल, काहीही. आणि दोघंही बिनशर्टाचे असलो तर ती सगळ्यात शांत असते, त्वचेला त्वचा लागली की त्यांचं तापमान आणि श्वास दोन्ही स्थिरावतात. १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाला डॉ. एडगर रे यांनी इनक्युबेटर कमी पडत होते म्हणून कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली, तीच कांगारू मदर केअर. बाबाच्या छातीवर पण चालतं, नवऱ्याला सांगा. तो रडतो तर नको लावू म्हणतोय ना, मग त्याला संध्याकाळी घरी आल्यावर पाच मिनिटं बाळ छातीवर घेऊन बसू दे आणि तुम्ही मागून पाठीला क्रीम लावा.

निफाडची_आई

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, डोळ्यात पाणी आलं खरंच. काय काय केलं ते सांगते.

अंघोळ आता सकाळी साडेनऊला, त्याची पहिली झोप होऊन दूध पिऊन अर्धा-पाऊण तास झाला की. आजी, तुमचं ऐकून भिंतीला टेकून पाय लांब करून त्यात घेतलं. पहिल्यांदा पायाला तेल लावलं तर रडला नाही, बघत राहिला माझ्याकडे, मी बोलत होते काहीबाही. पोटाकडे हात नेला आणि त्याने तोंड फिरवलं, नर्स ताईंनी सांगितलं होतं म्हणून हात तिथेच ठेवला, थोड्या वेळाने परत बघितलं पण मी मग पुढे गेलेच नाही, तेवढंच केलं आणि अंघोळ घातली. नंतर जुन्या पंच्यात गुंडाळून (सासऱ्यांचा आहे, सासूबाईंनीच काढून दिला) एकेक पाय काढून क्रीम. कुरकुर झाली पण टाहो नाही. शेजारच्या काकू आल्या नाहीत.

वऱ्हाडी ताई, गाल लाल पण आहेत हो, आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला पण आता नीट बघितलं तर आहे. लोशनला चांगलाच वास आहे. ते बंद केलंय आणि शनिवारची डॉक्टरांची वेळ घेतलीय. फोनवर ते म्हणाले तोपर्यंत फक्त साधी पेट्रोलियम जेली लावा. डी चे थेंब चालू आहेत, ते मी चुकवत नाही.

सासूबाईंना हाडांचं सांगितलं. एकदम पटलं नाही पण म्हणाल्या डॉक्टरांसमोर विचारू. मी म्हटलं चला ना तुम्ही पण.

अजून एक विचारायचं होतं. संध्याकाळी परत जेली लावायला सांगितलीय, तेव्हा मात्र पुन्हा तेच रडगाणं. झोपेत लावली तर चालेल का? आणि जांघेत, उजव्या मांडीला हात लावला की जास्त रडतो असं वाटतंय, लस त्याच बाजूला होती.

रात्रपाळीची_नर्स

वा, खूप छान केलंस. पोटावर थांबलीस तेच योग्य झालं, उद्या पायच करायचे, परवा पण पायच, पोटाची घाई नाही. पोट जेव्हा करशील तेव्हा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, आणि पोट भरलेलं असताना नाही.

झोपेत लावायला काहीच हरकत नाही. गाढ झोप लागल्यावर, हात सैल पडले की, झबल्याची बाही सरकवून कोपराला, पायजमा वर करून नडगीला. दूध पिताना पण पाय मोकळे असतात तेव्हा लावता येतं. एकाच वेळी सगळं करायचा अट्टहास नको, डायपर बदलताना नडग्या, पाजताना हात, झोपेत गाल असं दिवसभरात वाटून टाक. मानेच्या आणि मांडीच्या घडीत मात्र जेलीचा जाड थर नको, तिथे ओल साठते आणि लाल होतं, तिथे नुसतं नीट टिपून कोरडं ठेव, पावडर पण नको, ती श्वासात जाते.

मांडीचं. लस टोचलेल्या जागी थोडी गाठ राहू शकते, कधी कधी काही आठवडे, दुखत नसेल तर काळजी नाही, तिथे चोळायचं नाही एवढंच. पण तू लिहितेस हात लावला की जास्त रडतो, म्हणून शनिवारी हे पहिलं सांग, क्रीमच्या आधी. डायपर बदलताना दोन्ही पाय सारखेच बाजूला उघडतात का, एक मांडी कमी उघडते का, एक पाय तो कमी हलवतो का, मांडीवरच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या आहेत का हे आज बघून ठेव, डॉक्टर खुब्याचा सांधा तपासतील तेव्हा सांगता येईल. जागा गरम लागली, लाली पसरली, ताप आला, पाय हलवायचाच थांबला किंवा बाळ दूध घेईना, मलूल वाटलं तर शनिवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी घेऊन जायचं, रात्र असली तरी.

देवरुखची_आजी

मुली, शनिवारी काय झालं ते लिही. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आणि पंचा दिला म्हणून विशेष सांग.